भातगिरणीचा ब्लोअर

पौष लागला की आमच्या मुरबाडकडची हवा खडखडीत कोरडी होते. भाताची कापणी, झोडणी उरकलेली असते. खळ्यांच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल फुललेला असतो. पावसाळ्यात धूळ अशी नसतेच. जी असेल ती चपलेला, भिंतीला चिकटून गप्प बसते. हिवाळ्यात तीच हलकी होऊन उठते. म्हसा गावच्या जत्रेला निघालेल्या जीपा रस्त्यावरून गेल्या की मागं बराच वेळ तांबूस पडदा लोंबत राहतो आणि त्याच्यापलीकडं गोरखगडाचा सुळका अर्धवट पुसलेल्या पाटीवरच्या रेघेसारखा दिसतो.

बाकीच्यांना हा ऋतू जत्रेचा, वालाच्या शेंगांचा, पहाटेच्या शेकोटीचा. मला तो धुळीचा वाटतो. दोन वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा मी धूळ पकडण्यात घालवला.

माझे यजमान दत्ताराम लाकडाचं काम करायचे. आम्ही मूळचे भातशेतीवाले. ह्यांनी लाकूड शिकलं ते मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, तिथं ओतकामासाठी लाकडी साचे बनत. कारखाना बंद पडला तसा ह्यांनी घरामागच्या रिकाम्या गोठ्यात टेबल-सॉ उभा केला. लोखंडी टेबल, त्याच्या पोटात मोटर आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं. गोठ्याला आम्ही शेड म्हणायला लागलो. मी गावच्याच शाळेत शिक्षिका होते. सगळा गाव मला बाई म्हणतो. हेही चारचौघांत "बाई" म्हणायचे आणि घरात "गो".

त्या काळात घरातल्या प्रत्येक वस्तूवर भुसा असायचा. पाण्याच्या माठावरच्या ताटलीत, देवाच्या फोटोच्या चौकटीवर, माझ्या शाळेच्या पिशवीत. संध्याकाळी हे शेडातून आले की पापण्यांवरूनच मला कळायचं आज काय कापलं. सागाची भुकटी तपकिरी, फणसाची हळदीसारखी, शिसवाची जांभळट. शर्टाला असा वास की तो दोरीवर वाळत घातला तरी मागच्या अंगणात कुणीतरी उभं आहे असं वाटावं. तोंडाला फडकं बांधा म्हटलं, तर म्हणायचे, "फडकं बांधलं की वास येत नाय गो. मंग लाकूड कापतंय का करपतंय, कळायचं कसं?"

खोकला आला तो पाहुण्यासारखा. आधी सकाळचा तेवढा, मग दिवसाचा, मग घरचाच. दोन पायऱ्या चढल्या की हे थांबायचे आणि उगाच आभाळाकडं बघायचे, जणू काहीतरी आठवतंय म्हणून थांबलो. कल्याणच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून मला दाखवली. फुफ्फुसं आतून घट्ट होत चाललीत, म्हणाले. औषधानं हे सावकाश करता येईल, पण झालेलं मऊ होणार नाही. "आता धुळीच्या वाऱ्यालाही उभं करू नका त्यांना."

दवाखान्यातून आलो आणि ह्यांनी स्वतःच शेडाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसले. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तिथंच बसले. समोर बंद शेड. जेवायला हाक मारली तर "भूक नाय" म्हणायचे. रेडिओ लावला तर बंद करायचे. धुळीत माणूस जातं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. रिकाम्या हातांनीही जातं, ते मला पडवीत दिसत होतं.

आणि शेडात लाकूड तसंच पडून होतं. आमची एकुलती एक लेक अश्विनी खर्डीला दिलीय. तिचं नवीन घर बांधून होत आलं होतं. त्या घराचं दार बाबा करणार, हे तिच्या लग्नाच्या आधीपासूनचं ठरलेलं. आमच्याच बांधावरचा साग, फळ्या पाडून कित्येक पावसाळे शेडाच्या माळ्यावर वाळत ठेवलेला. ह्यांनी कुणाला त्यातली एक पट्टीही दिली नव्हती.

दिवाळीला अश्विनी आली. बाबांच्या समोर काही बोलली नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, दार तयार मिळतं गं. आम्ही कल्याणहून आणतो. तू बाबांना शेडात जाऊ देऊ नको."

"मी कुठं जाऊ देतेय?"

"ते बघतात सारखे त्या शेडाकडं. मला भीती वाटते. दार काय, कुठलंही चालेल. बाप कुठून आणू मी?"

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक कुडाची भिंत. पलीकडून ह्यांचा आवाज आला, शांतच. "आण गो पोरी कल्यानवरनं. चांगली असतात ती पन."

अश्विनी भांडी घासायच्या नावाखाली मोरीत जाऊन रडली. मी गॅसवरची भाजी हलवत राहिले. त्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी भात भरडायला गिरणीत गेले. बाळारामभावजींची गिरणी जुनी. गावात नवी मोठी गिरणी आल्यापासून तिथं गर्दी नव्हती. मी आपली सवयीनं तिथंच जायची. भात यंत्रात पडत होतं, खाली तांदूळ येत होता आणि तूस एका जाड नळीतून भिंतीपार जाऊन मागच्या खड्ड्यात पडत होतं. मी कितीतरी वर्षं ते बघत आले होते. पण त्या दिवशी मान वळवून बघतच राहिले. एवढं तूस उडतंय, आणि भावजींच्या मिशीवर कण नाही.

"भावजी, हे ओढतं काय?"

"ब्लोअर. का हो बाई?"

"लाकडाचा भुसा ओढंल?"

ह्यांच्या आजाराचं त्यांना ठाऊक होतं. "तुसाला ओढतंय तर भुशाला काय धाड भरलीय?" म्हणाले. "ह्या हंगामानंतर मी गिरणी बंदच करनार हाय. दुसरा एक जुना ब्लोअर पन पडलाय मागं. न्या तो."

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. धूळच नसेल तर ह्यांना शेडात बसू देऊ का? ते म्हणाले, धूळ खरंच नसेल तर बसू द्या, पण बाई, शेड आधी पूर्ण धुऊन घ्या आणि दार-खिडकी उघडी ठेवा. मी शेड धुतलं. वासे, कौलांच्या फटी, माळा, सगळं ओल्या फडक्यानं. बादलीतलं पाणी चहासारखं व्हायचं. त्या पाण्याकडं बघताना मनात यायचं, ह्यातलं किती ह्यांच्या आत गेलं असेल.

हे पडवीतून बघत होते. ब्लोअर टेम्पोतून उतरला तेव्हा पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "ह्यो कशाला?"

मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टेबलाचं पोट उघडं हाय. आधी ते बंद कर. नायतर ब्लोअर नुसती हवा खाईल."

तिथून आमचं काम सुरू झालं. हे शेडाबाहेर खुर्चीत, मी आत. टेबलाच्या पायांना मी प्लायवूडच्या भिंती ठोकल्या, आतला तळ उतरता केला, म्हणजे भुसा एका भोकाकडं घसरेल. भोकाला जाड पाईप. पाईप ब्लोअरला थेट जोडायचा नाही, असं ह्यांचं म्हणणं. लाकडाचा तुकडा गेला तर पंखा फुटेल. म्हणून मध्ये एक ड्रम. पाईप ड्रमच्या तोंडाशी तिरका शिरायचा, हवा आत गरगर फिरायची, जड भुसा तळाला बसायचा आणि उरलेली बारीक धूळ तेवढी ब्लोअरमधून भिंतीबाहेर जायची. शाळेत वारा, दाब, पोकळी शिकवताना मी मुलांना फुंकर मारायला लावायची. आता तेच सगळं माझ्या समोर उभं राहत होतं आणि मी त्याला स्क्रू पिळत होते.

पहिल्या दिवशी आम्ही पाण्याचा निळा ड्रम लावला. ब्लोअर चालू केला, मी पाईपच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवून ओढ बघितली, आणि धाडकन आवाज होऊन ड्रमचं पोट आत गेलं. उपाशी माणसासारखं. हे खुर्चीत इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसले. मी पाठ चोळत होते आणि माझंही हसू थांबत नव्हतं. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुरबाडच्या भंगारवाल्याकडून लोखंडी ड्रम आणला.

मग बाहेर जाणाऱ्या धुळीचा प्रश्न. मागं शेजाऱ्यांचा वाल फुललेला. "त्याच्या फुलांवर आपली घाण नको," हे म्हणाले. मी मांजरपाटाचं कापड आणून घरच्या मशिनवर लांबलचक पिशवी शिवली आणि ब्लोअरच्या तोंडाला बांधली. ब्लोअर चालू झाला की ती फुगून अंगणात आडवी व्हायची. येणारे-जाणारे विचारायचे, "बाई, काय पाळलंय हो?"

सांधे गळतात का, ते उदबत्ती लावून बघितलं. उदबत्तीचा धूर जिथं पाईपकडं वळायचा तिथं फट. हे बाहेरून बोट दाखवायचे, "वर, वर, थोडं डावीकडं," आणि मी चिकटपट्टी लावत जायची. शेडात चंदनाचा वास भरला होता. एखाद्या पूजेला बसावं तसे आम्ही दोघं त्या पाईपाभोवती होतो.

तरीही पहिलं लाकूड कापलं तेव्हा ते फसलं. टेबलाखालची धूळ गेली. पण पातं वरच्या बाजूनंही धूळ फेकतं, ती माझ्या तोंडावर आली. हे दारात उभे होते. "मागं हो गो, मागं हो," म्हणून ओरडले, आणि ओरडण्यानंच त्यांचा श्वास सुटला. मी सगळं बंद करून त्यांना पडवीत नेलं. डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राची नळी नाकाला लावून ते चालू केलं. डोळे मिटूनच म्हणाले, "पात्यावर टोपी पायजे. वरनं दुसरा पाईप."

पत्र्याची टोपी झाली. छपराच्या वाशावरून दुसरा पाईप खाली आला. त्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टेबलावर पडली होती. मी एक फळी घेतली आणि हळूहळू पात्याला दिली. पातं गात होतं, ब्लोअर घुमत होता. फळी दुभंगून पलीकडं गेली. मी तिरिपेकडं बघितलं. एरवी त्या उजेडात लाखो कण नाचताना दिसायचे. आता उजेड रिकामा होता. एखादाच कण, तोही रस्ता चुकल्यासारखा.

हे दारातून बघत होते. मग चपला बाहेर काढून आत आले, आणि टेबलापासून दूर, दाराजवळ त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीत बसले.

तो हिवाळा आम्ही दोघांनी शेडात काढला. आयुष्यभर मी शाळेत आणि हे शेडात. एका छपराखाली दिवस घालवला असा आमचा संसार नव्हता. मी निवृत्त झाल्यावरही हे आपले कामात, मी आपली घरात. आता सकाळची पेज मी शेडातच नेत होते. हे सांगायचे, मी करायची. "ढकलू नको. लाकूड पात्याला द्यायचं. घाई केली की ते रागावतंय." माझा हात थरथरला की आवाज चढवायचे नाहीत, मोटर बंद करायला लावायचे आणि भलतंच काहीतरी विचारायचे. "तुझ्या शाळेत ती घारी पोरगी होती, ती कुठं असते गो आता?" मी सांगायची, आणि सांगता सांगता हात स्थिर व्हायचा. कधी हे फळीवरून तळवा फिरवत जुनं काही सांगायचे. तो साग जिथं उभा होता त्या बांधावर ह्यांच्या आईनं ह्यांना दूध पाजलं होतं म्हणे, कापणीच्या वेळी. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कधी कळली नव्हती. बोलायला वेळ लागतो. आणि आम्हाला वेळ मिळाला तो असा.

एक गोष्ट मात्र मला चुकल्यासारखी वाटत राहिली. कपडे धुवायला घेतले तर ह्यांच्या शर्टाला वास नव्हता. नुसत्या साबणाचा. पापण्या स्वच्छ. जे जावं म्हणून इतकी धडपड केली ते गेलं होतं, आणि मी मोरीत तो शर्ट नाकाशी धरून बसले होते.

अश्विनीचं दार तयार झालं. चौकट, उंबरा, दोन फळ्या, त्यांवर साध्या उभ्या रेघा. ह्यांना नक्षी आवडायची नाही. टेम्पोत चढवताना ह्यांनी चौकटीवर हात ठेवला तो टेम्पो हलेपर्यंत. खर्डीपर्यंतचा रस्ता ह्यांना झेपणार नव्हता. वास्तुशांतीला मीही गेले नाही. अश्विनीनं तिथून व्हिडिओ कॉल केला. दार दाखवलं, फुलांचं तोरण दाखवलं. हे म्हणाले, "उघड. आता लाव." तिनं लावलं. "परत." तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग ह्यांनी चित्र बघायचं सोडून फोन कानालाच लावला. पलीकडं पाहुण्यांचा गलबला, त्यात दार मिटल्याचा तो जड, भरीव आवाज. हे हळूच म्हणाले, "बसलं." अश्विनीला ते ऐकू गेलं का नाही, ठाऊक नाही. ती पुन्हा पुन्हा दार लावत राहिली.

होळी झाली आणि ह्यांना कल्याणच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शेडातली धूळ मी ओढून घेतली होती. आधीच आत जाऊन बसलेल्या धुळीपर्यंत माझा कुठलाच पाईप पोचत नव्हता. डॉक्टरांनी ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी त्या हिवाळ्यात, तिरीप रिकामी दिसली की, मला उगाच वाटायचं, आपण जिंकतोय. एका सकाळी मी खाली चहा आणायला गेले. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. हातातल्या चहाचं काय करायचं ते मला कळेना. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारबाबांनी हात पुढं केला, त्यांना दिला. ते माझ्याकडं बघत बघत तो प्यायले.

यंदाचा पौष लागला. वाल फुललाय. मी अधूनमधून शेड उघडते, कुणाला पाट हवा असतो, कुणाला स्टूल. ब्लोअर चालू केला की मागं पिशवी फुगते. अश्विनी म्हणते, खर्डीला येऊन राहा. जाईन कधीतरी. पण ब्लोअरच्या आवाजात एक बरं असतं: तो चालू असताना एकटं असल्यासारखं वाटत नाही, आणि बंद केला की जी शांतता पडते ती कानांना नाही, खांद्यांना जाणवते.

परवा शहापूरकडून एक जोडपं आलं. नवरा सुतार, तिशी-पस्तिशीचा, घरातच शेड. बाळारामभावजींकडून ऐकून आले होते. तो टेबलाखाली वाकून, पाईप ठोकून, ड्रमचं झाकण उघडून बघत होता. मी त्याला तिरका पाईप का, टोपी का, ते सांगत होते. बोलता बोलता तो तोंडावर मूठ धरून खोकला. कोरडा, छोटा, सकाळच्या पाहुण्यासारखा. त्याच्या बायकोनं लगेच त्याच्याकडं बघितलं. तिचं ते बघणं मला ओळखीचं होतं.

तो मागं पिशवी बघायला गेला तेव्हा ती माझ्याजवळ आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बाई, ह्ये लावल्यावर मंग तुमच्या मालकांना गुण आला ना?"

बाहेर तो ब्लोअरच्या तोंडाला हात लावून बघत होता. पोर भिंतीला कान लावून ऐकतं तसा.

"आमी उशिरा लावला गो," मी म्हटलं. "तुमी आत्ता लावा. जत्रेच्या आधी लावा."

तिला सगळं कळलं होतं. तिनं पिशवीतून वही-पेन काढायच्या आधी मीच खुंटीवरचा टेप काढून तिच्या हातात दिला. "धर हे टोक," म्हटलं, "तुमच्या टेबलाची उंची एवढीच आहे का सांग." तिनं टोक जमिनीला टेकवून घट्ट धरलं, आणि मी टेप वर ओढायला लागले.